माननीय खतेमंत्री, आमची डीएपी भीमेतून वाहत येते

प्रति,
माननीय केंद्रीय रसायने व खते मंत्री,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

खिडकीत ठेवलेल्या दोन बाटल्यांकडे बघत हे पत्र लिहितो आहे. त्या मला नको होत्या. मंगळवारी तालुक्याच्या गावी डीएपी खताच्या, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटच्या, दोन गोण्या आणायला गेलो होतो. आडसाली उसाची लागण तोंडावर आहे, सऱ्या सोडून झाल्यात, बेणं ठरलंय. सकाळी सातला रांगेत उभा राहिलो, साडेअकराला नंबर लागला. यंत्रावर अंगठा चार वेळा लावला, उमटेना. मातीत झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, हा दोष आमचाच असावा. पाचव्यांदा उमटला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "गोण्या दोन देतो काका, पण पातळ नॅनो खताच्या दोन बाटल्या आणि सूक्ष्म अन्नद्रव्याची एक पिशवी सोबत घ्यावी लागंल. वरूनच तसं येतंय." गोणी १३५० ची, दोन गोण्यांचे २७००. घरी आलो तेव्हा खिशातले ४६०० गेले होते आणि हातात पावती २७०० ची.

खताचा पुरेसा साठा आहे, लिंकिंग करणाऱ्याचा, म्हणजे खतासोबत नको तो माल गळ्यात मारणाऱ्याचा, परवाना रद्द होईल, हे आम्ही दर खरिपाच्या तोंडावर ऐकतो. तक्रारीच्या नंबरावर फोन केला, तर दुकानाचं नाव विचारतात. नाव सांगितल्यावर पुढच्या हंगामात खत कुठून आणायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मीही इथं नाव लिहीत नाही. त्या दुकानदाराच्या गळ्यात बाटल्या मारणारा कोणी तरी वर बसला असणार.

मला आपल्याशी बोलायचंय ते स्फुरदाबद्दल, म्हणजे फॉस्फरसबद्दल. आपलं खातं रसायनांचंही आहे आणि खतांचंही, म्हणजे माणूस योग्य गाठला आहे.

पन्नास किलोच्या डीएपीच्या गोणीत स्फुरद ४६ टक्के, असं छापलेलं असतं. ते फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेलं. मूलद्रव्य म्हणून मोजलं तर गोणीत फॉस्फरस भरतो जेमतेम दहा किलो. या दहा किलोंसाठी मी १३५० देतो आणि वर सरकार भरतं. २०२५ च्या खरिपात डीएपीला टनामागे सुमारे २७,८०० रुपये अनुदान होतं, म्हणजे गोणीला १३९०. माझ्यापेक्षा सरकारचा वाटा मोठा, मान्य. पण हा पैसा जातो कुठे? आपल्याकडे फॉस्फेटचा दगड राजस्थानात झामरकोटड्याला आणि मध्य प्रदेशात थोडाफार. बाकी सगळं बाहेरून. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात. कधी मोरोक्को, कधी जॉर्डन, तयार डीएपी सौदीतून, रशियातून. चीननं निर्यातीचा हात आखडला की करमाळ्यात रांग लागते.

आता माझा पत्ता. उजनीच्या पाणलोटाला, भीमेच्या काठी. वडिलांची अकरा एकर जमीन त्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. देशासाठी त्याग केला, असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. त्याग कबूल, पण त्यात पुण्याचा मैला येणार हे कागदावर कुठंच नव्हतं. मुळा-मुठेतून येतं ते सगळं इथं येऊन मुरतं. पाणी हिरवं होतं, शेवाळ धरतं, आणि पावसाळ्यात वरून केंदाळाची बेटंच्या बेटं येतात. शहरात तिला जलपर्णी म्हणतात. नाव तरी किती नाजूक. थ्री फेज लाइट रात्री येते. मोटार सुरू केली की फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाचं पाण्यातलं तोंड, केंदाळानं गच्च. मग बॅटरी तोंडात धरून कमरेइतक्या पाण्यात उतरायचं आणि उपसायचं. पायांना खाज सुटते ती महिनाभर जात नाही. आमच्याकडचे मासेमार कटला-रोहूच्या आठवणी सांगतात आणि जाळ्यात चिलापी ओढतात. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला पुण्याहून गाड्या येतात. नावेत बसलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून फोटो काढतात. वास कशाचा येतो म्हणून विचारतात. काय सांगायचं? घरचंच आहे म्हणून?

केंदाळ फुकटात वाढत नाही, साहेब. त्याला नत्र लागतं, स्फुरद लागतं. एक माणूस वर्षाला साधारण अर्धा किलो फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो, त्यातला बहुतेक लघवीतून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून मी सत्तर लाख माणसं धरतो. गुणाकार करा: पस्तीस लाख किलो. दहानं भागा: साडेतीन लाख गोण्या डीएपीच्या, दरवर्षी, माझ्या मोटारीसमोरून. सगळा हाती लागणार नाही हे मलाही कळतं, म्हणून निम्मा सोडा. तरी पावणेदोन लाख गोण्या उरतात. आकडा चुकला असेल तर आपल्या खात्यातल्या कोणी दुरुस्त करून पाठवावा, उत्तर आल्याचा आनंद तरी होईल.

आणि हे काढता येतं, हे मला माझ्याच शरीरानं शिकवलं. मागच्या वर्षी माझा मुतखडा काढला. तपासणीच्या कागदावर नाव आलं: स्ट्रुव्हाइट. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, नोकरी लागली नाही तो भाग वेगळा. जुनं पुस्तक काढून बघितलं. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. म्हणजे खतच की! आठ महिने मी जमिनीवर लोळत होतो, आणि आत मूत्रपिंड विनाअनुदान कारखाना चालवत होतं. अंगठा नाही, रांग नाही, सोबत बाटली नाही.

हाच खडा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या पाइपांत धरतो. गाळ कुजवल्यावर जे पाणी सुटतं त्यात अमोनिया आणि फॉस्फेट दोन्ही भरपूर. मॅग्नेशियम मिळालं की पाइप आतून दगड होतो. परदेशात अभियंते तो छिन्नीनं फोडत बसायचे. मग कोणाला तरी सुचलं, की पाइपात धरतो तो वेगळ्या टाकीत मुद्दाम धरवावा. मॅग्नेशियमचं मीठ घालायचं, पाणी खालून वर खेळवायचं, मोत्यासारखे दाणे तळाशी बसतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या डरहमच्या केंद्रात हे २००९ पासून चालू आहे, शिकागोच्या मोठ्या केंद्रात २०१६ पासून. दाणा हळूहळू विरघळतो, पावसानं वाहून जात नाही. स्वित्झर्लंडनं तर मैल्याच्या गाळातून फॉस्फरस काढणं कायद्यानं सक्तीचं केलं. जर्मनीनं २०१७ सालीच मोठ्या शहरांना २०२९ ची मुदत घालून दिली. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटनं लघवी आटवून आटवून पहिल्यांदा फॉस्फरस काढला होता, सोनं शोधता शोधता. त्याच हॅम्बुर्गात आता मैल्याच्या राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढायचा कारखाना उभारलाय.

आपली रीत कोणती? दगड बोटीनं आणायचा, गंधकाम्लात शिजवायचा, आणि आम्लातल्या एका टन पेंटॉक्साइडमागे पाच टन जिप्समचा ढीग लावायचा. त्यात फ्लोराइड, त्यात दगडातलं रेडियम. ओडिशात पारादीपला त्याचे डोंगर आहेत. फ्लोरिडात २०२१ साली अशाच एका ढिगावरचा तलाव फुटायच्या बेताला आला, तेव्हा ८० कोटी लिटर पाणी टॅम्पाच्या खाडीत सोडावं लागलं. आपल्या डोंगरांखाली कोण राहतं, त्यांना कोणी विचारलंय का? त्यांच्याही हातात कसला तरी दाखला असेल, आमच्या हातात धरणग्रस्ताचा आहे तसा.

म्हातारी माणसं मैल्याच्या खताला सोनखत म्हणायची. नावातच किंमत होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपास पुण्यात राख मिसळून असं खत होई, त्याला पुद्रेट म्हणत, आणि मुठा कालव्यावरचे ऊसवाले ते पैसे मोजून नेत. ते डोक्यावरून वाहणारे हात कोणत्या जातीचे होते, ते मला ठाऊक आहे. ते दिवस परत नकोत. म्हणूनच यंत्र म्हणतोय, टाकी म्हणतोय, अभियंता म्हणतोय.

पुण्यासाठी जपानच्या मदतीनं ९९० कोटींची नदी शुद्धीकरण योजना आली. करार जानेवारी २०१६ चा. अकरा केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर. मुदत होती जानेवारी २०२२. ती उलटली, आणि आम्ही केंदाळ उपसत राहिलो. बरं, सगळी केंद्रं सुरू झाली तरी? शुद्धीकरण केंद्रांसाठी २०१७ मध्ये केंद्रानं जी मानकं काढली, त्यांत फॉस्फरसला मर्यादाच नव्हती. म्हणजे पाणी स्वच्छ दिसणार, प्रमाणपत्र मिळणार, फीत कापली जाणार, आणि स्फुरद त्याच पाण्यातून माझ्याकडे येणार.

कोणाला विचारायचं? खत आपल्याकडे. मैला महापालिकेकडे. नदी जलशक्तीकडे. धरण राज्याच्या जलसंपदाकडे. प्रदूषण मंडळ नमुने घेऊन जातं. जो तो आपापल्या टेबलापुरता बरोबर असतो. दहा किलो फॉस्फरस एवढ्या टेबलांखालून वाहत जातो, आणि कोणाच्याही पायाला पाणी लागत नाही. बोटीनं आलेल्या गोणीला सही पटकन होते, तिच्यात सगळ्यांचं काही ना काही असतं. मुतखड्यात कोणाला काय मिळणार?

मागणं फार नाही. पुण्याच्या एका तरी केंद्रात अशी टाकी बसवायला लावा. तिथून निघालेल्या दाण्याला डीएपीइतकंच अनुदान द्या. शहरी कंपोस्टला टनामागे दीड हजार देऊन हात झटकलेत, तसं नको. दाण्यात जड धातू किती, ते तपासून गोणीवर छापा. आम्हाला वाचता येतं. आणि पहिली ट्रॉली उजनीच्या काठावर उतरवा. ज्यांनी वास घेतला त्यांनी पीक घ्यावं, एवढा हक्क लागतो असं मला वाटतं.

रात्री अकराला लाइट येईल. फुटव्हॉल्व्ह बघायला जायचंय.

आपला,
करमाळा तालुक्यातला एक धरणग्रस्त शेतकरी

ता.क. नॅनोच्या बाटल्या फोडलेल्या नाहीत. परत कुठं करायच्या तो पत्ता कळवावा. त्यांची पावती नाही.