काल्पनिक भाषा, खरे शब्द

महोदय,

बारावीतील माझ्या नातीने गॉथिक या लुप्त झालेल्या जर्मॅनिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातील) भाषेच्या एका काल्पनिक भावंड-भाषेपासून आजची जर्मॅनिक भाषा रचायला घेतली, तेव्हा नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी प्रत्येकाने तिला ‘रिकामपणाचे उद्योग’ हाच शेरा दिला. त्यात मीही होतो. तिची वही तपासताना ‘हजार’साठी तिने लिहिलेला ‘हाझेर’ मी लाल शाईने खोडला. मराठी शब्द तसाच उचलला, असे मला वाटले. तिने शांतपणे सांगितले की सोळाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथील हॅब्सबर्ग राजदूत बुस्बेक यांनी क्रिमियातील गॉथ लोकांचे जे शब्द टिपून घेतले आणि जे 1589 मध्ये छापले गेले, त्यांत हा शब्द आहेच. तो तिथे फारसीतून गेला, तसाच आपल्याकडेही आला! शंभरासाठीचा ‘सादा’ही इराणी भाषाकुळातलाच. मी खोडलेला शब्द पुन्हा लिहून दिला.

चौथ्या शतकात वुल्फिला यांनी केलेल्या बायबलच्या गॉथिक अनुवादात सर्वनामांचे व क्रियापदांचे द्विवचन आढळते. संस्कृतात ते आहे, मराठीने सोडले. नातीने मात्र ‘आपण दोघी’साठी वेगळे सर्वनाम राखले आहे, आणि ते तिच्या मैत्रिणीच्या तोंडीही बसले आहे. काल्पनिक भाषेतही ध्वनिबदलाचा नियम एका शब्दाला लावून दुसऱ्याला सोडता येत नाही, हे तिला कळले. आम्हाला व्याकरण पाठ करूनही ते उमगले नव्हते.

आपल्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी भाषांच्या नात्यांवर एखादे सदर सुरू करावे, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर