जुन्या स्वतःला न हाकलता

नागपूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत ‘पोरगी चेन्नईला जाऊन पार बदलली’ असे आत्या म्हणाली आणि तू दुखावलीस. मी गप्प राहिलो, कारण मला जे सांगायचे होते ते फराळ करता करता सांगण्यासारखे नव्हते.

निघताना तुझ्या पिशवीत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवली होती. ती उघडली असशील तर आपले नागपूरही तुला त्यात भेटले असेल, कारण येथील धनिक आप्पासाहेब बुटींच्या पदरी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, काही काळ होते. पुढे १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. परंतु माझे मन गुंतते ते लक्ष्मीबाईंत. सोवळ्याच्या वेडाने साऱ्या घराला दमवून सोडणाऱ्या वडिलांची ही मुलगी काही वर्षे पतीपासून दूर राहते, नंतर त्यांच्याजवळ येऊनही सोवळे सोडीत नाही, आणि अखेर १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेते. या प्रवासात रडणे आहे, हट्ट आहे, रुसवे तर कितीतरी. मात्र उतारवयात हे सारे लिहिताना त्या आपल्या जुन्या, सोवळ्या रूपाला कोठेही मूर्ख ठरवीत नाहीत. त्याला हसतात, पण माहेरच्या माणसाला हसावे तशा. माणूस वाढल्याची याहून खरी खूण मला मराठीत क्वचितच दिसली.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीत शिकवायला जातो आणि बरेचसे तोच शिकतो; दुष्काळाने वाडी ओस पडते, तोही निघतो, आणि तो शहाणा झाला असे माडगूळकर कोठेही म्हणत नाहीत. (जेथे लेखक तसे म्हणतो, तेथे मी पुस्तक मिटतो.) भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग तर शिकायला गेलेल्या पुण्याहून जवळजवळ रिकाम्या हातांनी आपल्या गावी, सांगवीला, परततो. नव्या गावी गेलेला प्रत्येक जण काही मिळवूनच येतो, असा शब्द साहित्य देत नाही.

म्हणून आत्याचे बोलणे मनावर घेऊ नकोस आणि ते खोडून काढण्याची धडपडही करू नकोस. तू गेल्यावर तिने तुझ्यासारखी फिल्टर कॉफी करून पाहिली, कडू झाली.

‘स्मृतिचित्रे’ची ती प्रत तुझ्या आजीची आहे. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांतील कोणत्या तुला पटल्या आणि कोणत्या नाहीत, ते सवडीने कळव.

तुझे,
बाबा