क्षयरोगाच्या गोळ्या, मोबाईल आणि खर्चाचा हिशेब : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : क्षयरुग्णांच्या उपचारातील सातत्यासाठी वापरायच्या डिजिटल साधनांचा खर्च व उपयोग

महोदय,
सविनय नमस्कार.

क्षयरुग्णाने रोजच्या गोळ्या घेतल्या की नाही, हे दुरून समजावे म्हणून आपल्या देशात दोन साधने विशेष वापरली गेली. ‘99डॉट्स’ या पद्धतीत गोळी काढली की पाकिटावरचा झाकलेला क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर मोफत फोन करायचा असतो. दुसऱ्या पद्धतीत औषधाची पेटी वेळ झाली की आवाज देते आणि ती उघडल्याची नोंद आपोआप होते. पहिले साधन स्वस्त, दुसरे महाग, आणि चर्चा बहुधा एवढ्यावरच संपते. साधनाची किंमत प्रत्येक रुग्णामागे न मोजता, त्याच्यामुळे उपचार पूर्ण करणारा जास्तीचा एक रुग्ण किती रुपयांना पडला, यावरून ठरवावी, अशी माझी विनंती आहे.

निव्वळ उदाहरण म्हणून समजा, एका रुग्णामागे 500 रुपये लागले. शंभर रुग्णांचे 50,000 झाले. उपचार पूर्ण करणारे 85 वरून 90 झाले, तर जास्तीचा प्रत्येक रुग्ण 10,000 रुपयांना पडला. 86 झाले, तर तोच 50,000 रुपयांना पडला. आणि 85च राहिले, तर स्वस्त साधनाचाही सगळा पैसा वाया गेला.

ही शंका निराधार नाही. चीनमधील 36 जिल्ह्यांत झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवाज देणाऱ्या पेटीमुळे गोळ्या चुकण्याचे प्रमाण घटले, पण मोबाईलवरच्या नुसत्या संदेशांनी फरक पडला नाही. युगांडातील 18 आरोग्य केंद्रांत 99डॉट्स वापरून पाहिले, तेव्हा पात्र रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचीच त्यात नोंदणी झाली आणि सर्व रुग्ण एकत्र धरल्यावर उपचाराच्या यशात फरक दिसला नाही. आपल्याकडे चेन्नई आणि मुंबईसह काही ठिकाणी झालेल्या अभ्यासात फोनच्या नोंदी, गोळी घेतली की नाही हे दाखवणाऱ्या लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या पुरेशा विश्वासार्ह ठरल्या नाहीत.

शहरांत ही स्थिती, तर मेळघाटातल्या धारणी-चिखलदरा तालुक्यांत काय होईल? घरात फोन एकच असतो आणि तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात कामावर जातो. आजारी बाई गोळी घेते, पण फोन करू शकत नाही. रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, आणि रिचार्ज संपून नंबर बदलला तर तो कार्यालयाला कळतच नाही. अशा वेळी संगणकावर ‘डोस चुकला’ असे उमटते आणि आशाताई घाट उतरून रुग्णाच्या घरी जाते, तेव्हा गोळी घेतलेली असते. हा हेलपाटा कोणत्याही कंपनीच्या दरपत्रकात नसतो. नोंद पाहणारा आणि त्यानंतर घरी जाणारा माणूस, त्याचा वेळ आणि त्याचा प्रवासभत्ता साधनाच्या किमतीत धरला, तर ‘स्वस्त’ हा शब्द पुन्हा तपासावा लागेल. उपचार पूर्ण करून घेण्याबद्दल आशाताईला 1,000 रुपये मानधन आहे. तेही वेळेवर मिळत नसेल, तर पेट्या घेण्याआधी ते द्यावे.

साधनामुळे रुग्णाच्या खेपा वाचतात, हा दावा रोज आरोग्य केंद्रात येऊन गोळी घेण्याच्या जुन्या पद्धतीशी तुलना करून केला जातो. प्रत्यक्षात आता अनेक रुग्ण गोळ्या घरी नेऊन घेतात. म्हणजे न होणाऱ्या खेपांची बचत हिशेबात धरली जाते. बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे रुग्णाला विचारूनच नोंदवावे.

एका कामासाठी मात्र डिजिटल यंत्रणेवर अधिक खर्च करावा, असे मला वाटते. पोळ्याच्या सुमारास उपचार सुरू झालेला मेळघाटातला कोरकू आदिवासी मजूर दिवाळीनंतर कुटुंबासह कामाला बाहेर पडतो आणि होळीला परततो. सहा महिन्यांच्या उपचारातला मोठा काळ तो दुसऱ्या तालुक्यात, कधी मध्य प्रदेशात असतो. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या ‘निक्षय’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत रुग्णाची नोंद दुसरीकडे वर्ग करण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी ती वर्ग झाली, सोबत गोळ्या दिल्या आणि तिकडच्या कर्मचाऱ्याने त्याला गाठले, तर रोजच्या फोनपेक्षा यातून अधिक उपचार पूर्ण होतील, असा माझा अंदाज आहे. अंदाजच तो, म्हणून तपासावा.

अर्थात गोळ्याच नसतील, तर सातत्य मोजून काय साधणार? मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारला औषधपुरवठ्यातील विलंबामुळे राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले होते. तालुक्याच्या साठ्याची नोंद रोज पाहता येणे, हाही डिजिटल खर्चच आहे आणि तो आधी व्हावा.

तरी संपूर्ण राज्यासाठी निविदा काढण्यापूर्वी अमरावती आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही तालुक्यांत पेटी, फोन आणि केवळ आशाताईंच्या भेटी अशा तीन पद्धती एक वर्ष शेजारी-शेजारी चालवाव्यात. स्थलांतराचा हंगाम त्यात यावा, बाहेर गेलेल्या रुग्णांना यादीतून वगळू नये, आणि प्रत्येक पद्धतीचा एकूण खर्च व उपचार पूर्ण केलेल्यांची संख्या मराठीत, जिल्हानिहाय जाहीर करावी.

आपला विश्वासू,
मेळघाटातील एक आरोग्य कार्यकर्ता