चाळीस किचनचं काम घेण्याआधी

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज चढला, मग माझाही चढला आणि आईने फोन काढून घेतला. म्हणून लिहायला बसलो. कागदावर तुला मधेच तोडता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

तू म्हणालास, तीन महिने झाले, रत्नागिरीच्या तुझ्या फर्निचरच्या गाळ्यात मशीनपेक्षा पंखाच जास्त फिरतोय. आता एक बिल्डर ४० फ्लॅटची किचन देतोय, पण दर १५ टक्के पाडून आणि पैसे ९० दिवसांनी. "निदान पोरांच्या हाताला काम तरी राहील." मी नको म्हटलं तर तुला ते म्हातारपणाचं भ्या वाटलं. असेलही. पण तूच सांगितलेले आकडे मी आईच्या दुधाच्या वहीमागे मांडून बघितले.

एक किचन १,२०,००० चं. त्यात प्लाय, लॅमिनेट, चॅनल, बिजागऱ्या मिळून ७२,०००. मजुरी २४,०००. भाडं, वीज, टेम्पो ८,०००. तुझ्या हातात राहतात १६,०००. १५ टक्के म्हणजे १८,००० सोडलेस की दर किचनमागे २,००० तू पदरचे घालणार. वर ४० किचनचा माल २८,८०,००० चा, तो दुकानदाराकडून तुझ्या नावावर उधार. आणि बिल फाडलंस की बिल्डरचे पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा. म्हणजे बिल्डिंग त्याची आणि भांडवल तुझं. ह्याला काम मिळालं म्हणायचं का, ते तूच सांग.

त्या चौकटी आठवतात तुला? तू चौथीत असशील. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाल्याची बातमी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, आणि आपला काय संबंध म्हणून मी पेजेला बसलो. आपल्या तालुक्यात तेव्हा एक जण मुंबईवाल्यांसाठी फ्लॅट बांधत होता. त्याच्या दारांच्या ६४ चौकटी मी करायला घेतल्या होत्या, सागाच्या, चार बाय अडीच इंची लाकडाच्या. लाकूड वखारीतून उधारीवर उचललं. दुसरी सगळी गिऱ्हाइकं 'आता वेळ नाही' सांगून परत पाठवली, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. जानेवारीत त्याचं काम बंद पडलं. मुंबईचं बुकिंग थांबलं तसा तोही फोन उचलेनासा झाला, आणि त्याने दिलेला एकुलता एक चेक परत आला.

चौकटी मांगरात, म्हणजे आपल्या शेतघरात उभ्या. तू त्यांच्यातून पळत लपाछपी खेळायचास आणि मी वाळवी लागते की काय म्हणून रोज रात्री बॅटरी घेऊन बघायचो. आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या त्या त्याच वर्षी. मोडायला दिल्यात असं तुला सांगितलं होतं. मोठ्या चौकटी गावात एकेक करून खपल्या. पण २० होत्या संडास-बाथरूमच्या, अडीच फुटी. कौलारू घराला तसली अरुंद चौकट कोण घेणार? शेवटची गेली २०११ च्या गणपतीच्या आधी. मंदीने मला काही केलं नव्हतं, बाबू. एकाच माणसाच्या भरवशावर सगळं टाकलं आणि वखारीची उधारी डोक्यावर घेतली, त्याने केलं.

त्यानंतर मी एक रीत धरली. लाकडाचे पैसे गिऱ्हाइकाकडून आधी. नसतील तर त्याने लाकूड स्वतः आणून द्यावं, मी मजुरी लावीन. लोक म्हणाले, मेस्त्री शहाणो झालो. पण ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा ह्याच रीतीने तारलं. दिवाळी उरकून कामं सुरू व्हायचे दिवस, आणि कोणाच्या हातात रोकड नाही. काम अर्ध्यावर आलं, तरी वखारीत माझ्या नावावर एक पैसा नव्हता. पुढच्या वर्षी जीएसटी आला, प्लायवर आधी २८ टक्के, मग नोव्हेंबरात १८ वर आणला. चार महिने गिऱ्हाईक 'दर उतरू देत, मग बघू' म्हणत बसलं. तेही गेले.

लॉकडाऊनचं तुला माहीत आहे, तू तेव्हा घरीच होतास. मार्च-एप्रिल म्हणजे आपला कौलांखालच्या रीपा-वासे बदलायचा हंगाम, आणि सगळं बंद. चाकरमानी आले ते शाळेत क्वारंटाइन झाले. पण घरात बसलेल्या माणसाला आपलं घर दिसायला लागतं. कोणाचं दार घासतं, कोणाची खिडकी लागत नाही, कोणाच्या देव्हाऱ्याचा पाय कुजलाय. दोनशे-तीनशे रुपयांची कामं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तात्याने आणि मी त्यावर पावसाळा काढला. जे मिळेल ते निम्मं-निम्मं, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून तो टिकला. तुझ्या गाळ्यातल्या दोन कामगार पोरांनाही खरं काय ते सांग. गावाला जायचं तर पूर्ण हिशोब देऊन पाठव, राहायचं तर कमी दिवस. अंधारात ठेवलेला कारागीर बोलावल्यावर परत येत नाही.

तुझ्याकडे असलं बारीक काम नाही असं म्हणू नकोस. आपल्या हवेत पार्टिकल बोर्डाचं किचन किती पावसाळे काढतं? सिंकखालचा खण फुगतो, बिजागरीचे स्क्रू सुटतात, दार लोंबतं. रत्नागिरीत अशी किचन शेकड्याने असतील, आणि दुरुस्तीला कोण येत नाही, कारण सगळ्यांना अख्खं किचनच हवं. तू फक्त तो खण पाण्याला टिकणाऱ्या, आयएस ७१० च्या मरीन प्लायमध्ये बदलून दे, कडांना नीट पट्टी मार आणि पैसे जागेवर घे. ज्याचं सिंक नीट केलंस तो वर्षाने वॉर्डरोब विचारतो. मोठं मशीन थोडे दिवस झाकून ठेवावं लागेल, त्याची लाज वाटून घेऊ नको.

मशीनच्या हप्त्याचं मात्र आत्ताच बँकेत जाऊन बोल, चुकायच्या आधी. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात जातं, मग साहेबाची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले.

आणि तरी बिल्डरचं काम घ्यायचंच म्हणशील, तर चार किचन घे, चाळीस नको. मालाचे पैसे आधी. दर तुझा नेहमीचाच. बिलावर उद्यमचा, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर छाप. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात नियम आहे: तुझ्यासारख्या लहान कारखान्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर देईपर्यंत समोरच्याला कर भरताना तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. त्याचे ९० दिवस कागदावर टिकतच नाहीत. कायदा आहे म्हणून पैसे चालत घरी येतात असं नाही, पण मार्चमध्ये त्याच्या सीएला तुझी आठवण होते. हे मला सोसायटीतल्या क्लार्कने समजावलं, माझी अक्कल नव्हे.

आता एक दुसरंच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या वाडीतले फणस पडले, ते मी तेव्हा घेऊन गिरणीवर कापून ठेवले होते. सगळे कौलांमागे धावत होते, लाकडाला कोण विचारत नव्हतं. दीड इंची फळ्या आहेत. इंचाला एक वर्ष धरलं तरी केव्हाच वाळून खडखडीत झाल्यात, रंगही पिवळ्याचा छान तांबूस झालाय. तुझ्या आईला त्यांचा माळ्यावर अडथळा होतो. ह्यातून दहा-बारा देव्हारे निघतील, किंवा दोन झोपाळे. फणसाच्या देव्हाऱ्याला मुंबईवाला गणपतीच्या आधी घासाघीस करत नाही, हे मी बघितलंय. लाकडाचे पैसे मला नकोत, विकल्यावर तात्याची दोन दिवसांची मजुरी तेवढी दे.

शनिवारी ये. फळ्या मोजून ठेवतो. येताना माझ्या छोट्या रंध्याचं पातं घेऊन ये, तू मागच्या खेपेला धार लावायला म्हणून नेलंस ते तिकडेच राहिलंय.

तुझे,
बाबा