होल्टर लावायच्या आदल्या दिवशी तेल लावू नका, एवढं तरी सांगा

संपादक महोदय, स.न.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हार्टवर बरंच येतं पण ते सगळं चाळिशीनंतरच्या माणसांचं, कोलेस्टेरॉल, चालणं, मीठ कमी वगैरे. आमची पेशंट म्हणजे माझी मुलगी, दोन वर्षांची आहे, म्हणून हे पत्र.

झालं असं की झोपेत तिच्या छातीवर हात ठेवला की मधेच ठोका चुकल्यासारखा वाटायचा, एकदोनदा खेळता खेळता पांढरी पण पडली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तोही नॉर्मल. मग त्यांनी नीट समजावलं की ईसीजी म्हणजे दहाएक सेकंदांचा फोटो, त्या दहा सेकंदांत गडबड झाली नाही तर दिसणार कशी, म्हणून 24 तासांचं होल्टर लावा, म्हणजे छातीला स्टिकर आणि वायरी लावून दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं मशीन. दोन वर्षांच्या मुलाचं हृदय जागेपणी मिनिटाला साधारण 100 ते 140 वेळा धडधडतं, सरासरी 110 धरली तरी एका दिवसात दीड लाखाच्या वर ठोके, ते सगळे त्या छोट्या डबीत साठतात. हे पटलं. डॉक्टरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. ज्या सेंटरवर मशीन लावलं तिथे आमच्या हातात एक इंग्रजी कागद ठेवला, डिपॉझिट घेतलं, उद्या दहाच्या आत परत आणा म्हणाले, संपलं. कागदावर काय, तर आंघोळ करू नका, मोबाईल मशीनपासून लांब ठेवा आणि धडधड किंवा चक्कर जाणवली तर वेळ लिहून बटण दाबा. आता दोन वर्षांचं पोर धडधड जाणवते म्हणून सांगणार आहे का? तो कागद पन्नाशीच्या माणसासाठी छापलाय आणि तोच आम्हाला दिला. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, पण एक पानभर सूचना मराठीत मिळू नयेत?

आणि मुख्य गोष्ट कोणीच विचारली नाही, की सकाळी तेल लावलंय का. आमच्याकडे रोज सकाळी आजी खोबरेल तेलाने मालिश करते मग न्हाऊ घालते, त्या दिवशी तर डॉक्टरकडे जायचं म्हणून जरा जास्तच चोळून! टेक्निशियनने स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला आणि स्टिकर चिकटवले. ऑक्टोबरचा उकाडा, भांडुपचं वन रूम किचन, वर पंखा फक्त. ठाण्याहून लोकलने घरी येईपर्यंतच एका स्टिकरची कड सुटायला लागली होती, संध्याकाळी सातला पाहिलं तर दोन स्टिकर बनियनला चिकटलेले आणि वायरी लोंबतायत. सेंटरला फोन केला, कोणी उचलला नाही. मी आपली मायक्रोपोरच्या पट्ट्या मारत बसले आणि ती शेपूट शेपूट म्हणून वायर ओढतेय. शिवाय त्या बटणाचा बारका लाईट लागतो हे तिला कळलं आणि तिने ते चौदा वेळा दाबलं, म्हणजे मी मोजले तेवढे तरी चौदा.

चार दिवसांनी रिपोर्ट आला, आर्टिफॅक्ट (म्हणजे वायर हलल्या-सुटल्यामुळे आलेल्या खोट्या नोंदी) जास्त, रिपीट करा. म्हणजे रात्रीचं रेकॉर्डिंग सगळं वाया, आणि आम्हाला तर झोपेतलंच बघायचं होतं. रिपीटचे पुन्हा पूर्ण अडीच हजार घेतले. मी म्हटलं, स्टिकर नीट चिकटले नाहीत ही आमची चूक कशी, तर म्हणाले लहान मुलांचं असंच होतं. अहो असंच होतं हे तुम्हाला माहितीये तर आधी सांगा ना!

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. दोन दिवस तेल बंद, पावडर बंद, निघायच्या आधी साबणाने आंघोळ आणि छाती एकदम कोरडी. लहान मुलांचे छोटे स्टिकर असतात ते मागून घेतले (आहेत, पण मागावे लागतात) आणि चार जास्तीचे घरी न्यायला, कुठला कुठे लावायचा त्याचा मोबाईलवर फोटो काढून. आजीने जुन्या सुती साडीचं, पाठीवर बंदांनी बांधायचं झबलं शिवलं, लहानपणी घालायची तसंच पण मोठं, वायरी आतून पाठीकडे आणि डबी मागे पिशवीत, म्हणजे हात पोचतच नाही. आणि रडू नये म्हणून टिकल्यांचं पाकीट नेलं. आधी आजीला टिकली, मग बाहुलीच्या पोटावर, मग टेक्निशियन दादाच्या हातावर सुद्धा, मग तिने स्वतःच बनियन वर केलं. पहिल्या वेळी तिघांनी धरून लावलं होतं ते आठवलं आणि माझाच जीव कसनुसा झाला.

डायरी पण कामाला आली. 11.20 पळाली, 1.10 झोपली, 4.05 बिस्किट नाही दिलं म्हणून रडली. ठोके वाढलेले दिसले की ते रडल्यामुळे का आपोआप, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळलं. दुसऱ्या दिवशी स्टिकर सुके ओढून काढले नाहीत, कडेला खोबरेल लावून सोडवले, म्हणजे तेल शेवटी उपयोगी आलंच. तरी लालसर गोल दोन दिवस होते.

रिपोर्टमध्ये झोपेत मधे मधे जास्तीचे ठोके पडतात असं आलंय, सध्या औषध नाही, सहा महिन्यांनी परत होल्टर.

तर सेंटरवाल्यांना माझं म्हणणं एवढंच, अपॉइंटमेंट देताना फोनवरच तेल-पावडरचं सांगा, सूचना मराठीत द्या, चार स्टिकर जास्त द्या, रात्री उचलला जाईल असा एक नंबर द्या आणि वायर सुटून रेकॉर्डिंग वाया गेलं तर दुसऱ्यांदा पैसे घेऊ नका. एप्रिलमध्ये आमचा नंबर आहे आणि तेव्हा उकाडा ऑक्टोबरपेक्षा जास्तच असणार.

एक आई, भांडुप, मुंबई