ट्रीटमेंट टेबलाची छापील उंची आणि प्रत्यक्ष उंची यांतील तफावतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपले विजेवर वर-खाली होणारे हाय-लो टेबल बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकसाठी आपले टेबल निवडले ते आपण छापलेल्या दोन आकड्यांवर विसंबून. किमान उंची ४८ सेंटिमीटर आणि भारक्षमता २०० किलो, असे कॅटलॉग सांगतो. प्रत्यक्षात टेबल पूर्ण खाली आणल्यावर जमिनीपासून गादीच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर ६२ सेंटिमीटर भरते, आणि फ्रेमखाली, जिथे वाकून पाहण्याची कोणाला सहसा गरज पडत नाही, तिथे चिकटवलेल्या पट्टीवर उचलण्याची क्षमता १३५ किलो लिहिलेली आहे. स्थिर टेबलाने पेललेले वजन आणि मोटरने रुग्णासह वर उचललेले वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांतला मोठा आकडा कॅटलॉगात आणि लहान आकडा फ्रेमच्या पोटाखाली कसा गेला, याचा खुलासा आपण करावा.

तथापि माझी मुख्य तक्रार उंचीची आहे. आपण फिजिओथेरपीचीच टेबले बनवता, त्यामुळे व्हीलचेअरची बैठक साधारणपणे ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असते हे आपल्याला ठाऊक असणारच. अर्धांगवायूच्या रुग्णाला व्हीलचेअरवरून टेबलावर घेताना दोन्ही बैठका शक्य तितक्या एका पातळीत लागतात, म्हणजे तो चांगल्या पायावर भार देऊन वळतो आणि बसतो. टेबल वीतभर उंच असेल तर त्याला उचलून चढवावे लागते आणि तो भार थेरपिस्टच्या कमरेवर येतो. शिवाय बसण्याचा तोल शिकवताना रुग्णाचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असावे लागतात. ६२ सेंटिमीटरवर बहुतेकांचे पाय लोंबकळतात. साधे स्थिर टेबल न घेता हाय-लो टेबल घेण्याचे कारण हेच असते, दुसरे काय?

हे सर्व मी आपल्या प्रतिनिधींना दूरध्वनीवर सांगितले. त्यावर आज जे उत्तर मिळाले, ते आपल्या कार्यालयात नोंदले जाण्याची शक्यता कमी असल्याने येथे जसेच्या तसे देत आहे. प्रथम मला विचारण्यात आले, “मॅडम, तुम्ही माप कुठून घेतलंत?” मी सांगितले, जमिनीपासून गादीपर्यंत. “मग बरोबर आहे. कॅटलॉगमधली उंची फ्रेमची असते. गादी सहा सेंटिमीटर, चाकं आठ. ती धरायची नाहीत.” मी विचारले की चाके आणि गादी दोन्ही आपणच बसवून पाठवली असताना ती का धरायची नाहीत. थोडा वेळ संगीत ऐकवण्यात आले. नंतर तेच गृहस्थ परत आले आणि म्हणाले, “चाकं ऑप्शनल आहेत, मॅडम.” गादीही ऐच्छिक आहे का, रुग्णाला उघड्या लोखंडी फ्रेमवर निजवणे कंपनीला अभिप्रेत आहे का, असे मी विचारले. त्याला उत्तर आले नाही. मग मी पुन्हा शांतपणे समजावले की आमचे अनेक रुग्ण व्हीलचेअरवरून येतात, त्यांची एक बाजू लुळी असते. यावर त्यांनी, एखादी युक्ती सुचवावी अशा आपुलकीने, सांगितले, “अहो, मग पेशंटला पायाखाली एक स्टूल द्या ना. आमच्याकडे मिळतं, मॅचिंग कलरमध्ये.”

ज्याला सपाट जमिनीवर धड उभे राहता येत नाही, त्याने लुळा पाय अरुंद स्टुलावर ठेवावा, त्यावर उभे राहून पाठमोरे वळावे आणि मग टेबलावर बसावे, असा हा सल्ला आहे. तो फिजिओथेरपीची साधने विकणाऱ्या कंपनीने दिला आहे आणि वर त्या स्टुलाची विक्रीही करू पाहिली आहे. रंग जुळेल, याबद्दल मी आपली आभारी आहे.

दुसरी तक्रार स्थैर्याची. टेबल कमरेच्या उंचीला आणून मणक्याचे मोबिलायझेशन करताना, म्हणजे दोन्ही हातांनी लयीत दाब देताना, टेबल लांबीच्या दिशेने डुलते. ब्रेक लावलेले असतात, जमीन समतल आहे. हाताखाली सांधा किती हलतो याचा अंदाज घ्यायचा असताना टेबलच हलत असेल, तर जाणवलेली हालचाल पाठीची की फ्रेमची हे कळायला मार्ग राहत नाही. आपल्या तंत्रज्ञांनी येऊन एक बोल्ट आवळला आणि “तुम्ही टेबलावर फार जोर देता” असा शेरा पावतीवर लिहून ते निघून गेले. मॅन्युअल थेरपी हातांनीच करतात.

चेहऱ्यासाठीच्या छिद्राच्या कडेचे रेक्झिन शिवणीवर तडकले आहे. अल्कोहोलने पुसल्यामुळे ते तडकले, सबब वॉरंटी लागू नाही, असे कळवण्यात आले. आपल्याच माहितीपुस्तिकेत मात्र प्रत्येक रुग्णानंतर टेबल अल्कोहोलने पुसावे, असे म्हटले आहे. पुस्तिका पाळली तर वॉरंटी जाते आणि वॉरंटी सांभाळली तर स्वच्छता जाते. हा तपशील इतर तक्रारींच्या मानाने किरकोळ आहे, पण कंपनीतील कोणीच कंपनीचे छापील साहित्य वाचत नाही, हे त्यावरून दिसते.

पुन्हा सांगते, ४८ म्हणजे ६२ नव्हे. रुग्ण फ्रेमवर बसत नाही, गादीवर बसतो, आणि टेबल हवेत तरंगत नाही, चाकांवर उभे असते. टेबल निवडताना मी रुंदीही पाहिली होती. थेरपिस्टला पलीकडे ओणवे व्हावे लागू नये एवढीच ती आहे, आणि त्याबाबत माझी तक्रार नाही. आपल्या कंपनीचे नाव मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आले आहे, आमच्या शिक्षकांनी याच टेबलांवर आम्हांला शिकवले, आणि त्या जुन्या टेबलांपैकी एकही डुलत नसे. म्हणूनच या अनुभवाचा मनस्ताप अधिक झाला.

गादी आणि चाकांसह मोजून ५० सेंटिमीटरपर्यंत खाली येणारे टेबल बदलून द्यावे किंवा हे परत नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. दुरुस्तीचा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण उंची बोल्ट आवळून कमी होत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन, आणि नवे क्लिनिक थाटणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंपैकी जे कोणी सल्ला विचारतील त्यांना कॅटलॉगाबरोबर मोजपट्टीही न्यायला सांगेन. उत्तर लेखीच द्यावे. दूरध्वनी करू नये.

आपली ग्राहक,
फिजिओथेरपिस्ट

सोबत : मोजपट्टीसह टेबलाचे फोटो, फ्रेमखालील पट्टीचा फोटो, तंत्रज्ञांच्या शेऱ्याची पावती