धूर कोणाच्या वाट्याला, हेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात आहे. मात्र त्याची प्रकल्पवही अनेकदा आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, हे शिक्षक म्हणून मला मान्य करावे लागते. मुलांना विषयाची आवड नाही, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. माझ्या मते, पुस्तकातले प्रदूषण कोणाच्याच घरात शिरत नाही, म्हणून ते मुलांच्या मनातही शिरत नाही.

मुंबई महापालिकेचा एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-देवनारचा परिसर, पाहा. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारच्या क्षेपणभूमीवर टाकला गेला. ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो, हे विज्ञान झाले. परंतु जानेवारी २०१६ मध्ये तेथे भीषण आग लागली, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा साऱ्या शहराचा असताना शाळा याच मुलांची का बुडावी, हा प्रश्न वर्गात विचारला की शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही मान वर करतो.

चेंबूरजवळच्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या माहुलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दहावीत मुले बेंझिनचे सूत्र घोकतात. त्याच जातीच्या बाष्पनशील (सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या) सेंद्रिय संयुगांमुळे माहुल-आंबापाड्याची हवा आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये रहिवाशांच्या तक्रारीवरून नोंदवले. आणि त्यानंतरही मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून त्या कुटुंबांना माहुललाच घरे देण्यात आली. कोणालाही तेथे जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले. रसायनशास्त्र, आरोग्य आणि राज्यघटनेचे जगण्याचा हक्क देणारे कलम २१ एकाच धड्यात असे क्वचितच एकत्र येतात.

अर्थात, हे शिकवताना त्या वस्तीतल्या मुलाला सहानुभूतीचा विषय करू नये. उलट दुर्गंधी कोणत्या वेळी वाढते आणि वारा कोणत्या दिशेचा असतो, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याचे ते ज्ञान निरीक्षण म्हणून वहीत उतरले पाहिजे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले पाहिजे.

म्हणून शिक्षण मंडळाला विनंती आहे की, प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण विद्यार्थ्याने स्वतः आपल्या परिसरात केलेल्या नोंदींसाठी राखून ठेवावेत आणि त्या नोंदी महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी शाळांवर सोपवावी.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, चेंबूर, मुंबई